व्हिसा काहून नाकारला, हे आधी वाचा

दारव्ह्याला माझं सेवा केंद्र आहे. सातबारा काढायला येणारे शेतकरी आता लेकराच्या कॅनडाच्या व्हिसाचं नकारपत्रही घेऊन येतात. "ताई, दुसरा अर्ज टाकून द्या." राजेहो, जरा थांबा.

पत्रातलं वाक्य ठरलेलं असतं: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटली नाही. त्यावरून काही कळत नाही. खरं कारण अधिकाऱ्याच्या टिपणात असतं. 1999 च्या बेकर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं अशी टिपणं म्हणजेच निर्णयाची कारणं मानली. व्हिसा अधिकाऱ्याची कारणं चार ओळींची चालतात, पण त्यांतून निर्णय पटायला हवा.

जुलै 2025 पासून काही प्रकारच्या नकारपत्रांसोबतच टिपणं येऊ लागली आहेत, म्हणून पत्र शेवटच्या पानापर्यंत उघडा. नसतील तर तिथल्या गोपनीयता कायद्याखाली स्वतःची नोंद मागा. 2022 पासून भारतात बसून मागता येते, फी नाही. उत्तराची मुदत 30 दिवस, तीही लांबते. आणि भारतातून केलेला अर्ज नाकारला तर तिथल्या फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून 60 दिवसच असतात. म्हणून पत्र आलं त्याच दिवशी मागणी टाका.

टिपणातली एकेक ओळ आपल्या कागदाशी लावून बघा. आपल्याकडे हमखास अडतं ते इथं: खात्यात अचानक मोठी रक्कम, स्रोत स्पष्ट नाही. बापानं भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवला, फेब्रुवारीत एकदम विकला. आपल्याला त्यात नवल नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्याला हे कोण सांगणार? सातबाऱ्यावर जमीन दिसते, कमाई दिसत नाही. जिनिंगची काटापट्टी, म्हणजे कापूस मोजून घेतल्याची पावती, जोडा, तिची तारीख अन् रक्कम पासबुकातल्या नोंदीशी जुळवून दाखवा, मागच्या हंगामांच्या पट्ट्याही लावा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाचं चालत नाही, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

काटापट्टी जोडलीच नव्हती, तर नवा अर्ज करा. जोडली होती आणि टिपणात तिचा उल्लेखच नाही, तर मात्र ते 60 दिवस संपायच्या आत कॅनडातल्या वकिलाला टिपणं अन् काटापट्टी दोन्ही दाखवा.

एजंट पुन्हा पैसे मागत असेल तर आधी विचारा, टिपणं वाचली का? नसतील वाचली, तर फाईल परत घ्या.