आई-वडिलांसह लास वेगासला जाताना हॉटेल कसे निवडावे

पणजीत कॅसिनोची जहाजे मांडवीच्या पात्रात उभी असतात आणि पर्यटक किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरतो. त्यामुळे ज्याला जुगारात रस नाही, त्याचा त्या जहाजांशी संबंधही येत नाही. लास वेगासमध्ये तसे नाही. तेथील बहुतेक मोठ्या हॉटेलांचा तळमजला म्हणजेच कॅसिनो, आणि खोलीकडे, जेवणाकडे व रस्त्याकडे जाणारी वाट त्यातूनच जाते. अमेरिकेतल्या मुलांकडे आलेले अनेक मराठी आई-वडील ग्रँड कॅन्यन पाहण्याच्या निमित्ताने या शहरात दोन-तीन रात्री मुक्काम करतात. त्यांच्यासाठी हॉटेल ठरवताना फोटो पाहण्याआधी दोन गोष्टी मोजाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन: खोलीचे खरे भाडे आणि पायी चालावे लागणारे अंतर.

आधी भाड्याचे पाहू. येथील बहुतेक हॉटेले भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ नावाची सक्तीची रक्कम आकारतात. वायफाय, व्यायामशाळा अशा सोयींसाठी ती असल्याचे सांगितले जाते, पण तुम्ही त्या वापरल्या नाहीत तरी ती द्यावीच लागते, आणि मोठ्या हॉटेलांत ती रात्रीला ५० डॉलरच्या आसपास असते. भाडे ५० डॉलर, फी ५० डॉलर आणि दोन्हींवर सुमारे १३.४ टक्के कर धरला, की ५० डॉलरची खोली ११३ डॉलरना पडते. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम लागू झाल्यामुळे अशी सक्तीची फी सुरुवातीच्याच आकड्यात धरून दाखवावी लागते. सरकारी कर मात्र नंतर मिळवला तरी चालतो. म्हणून दोन हॉटेलांची तुलना पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरील रकमेवरूनच करावी. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगचे रोजचे पैसेही त्यात धरावेत. चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवते, त्यामुळे तेथे क्रेडिट कार्डच द्यावे. डेबिट कार्ड दिल्यास खात्यातले आपलेच पैसे काही दिवस वापरता येत नाहीत.

अंतराचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तो नकाशावर दिसत नाही. ज्या रस्त्यावर ही हॉटेले आहेत ती ‘स्ट्रिप’ जवळजवळ सात किलोमीटर लांब आहे. इमारती इतक्या अवाढव्य आहेत की शेजारचे हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटते, पण तेथे पोहोचायला वीस मिनिटे सहज लागतात, कारण मोठ्या चौकांत रस्ता थेट ओलांडता येत नाही. पादचारी पुलावर चढून पलीकडे उतरावे लागते. आमच्या पहिल्या खेपेस बाबांच्या गुडघेदुखीचा विचार करून आम्ही रस्त्यालगतचे हॉटेल घेतले होते. प्रत्यक्षात खोलीपासून लिफ्टपर्यंत लांबलचक बोळ, आणि लिफ्टपासून रस्त्यापर्यंत सिगारेटच्या धुरातून बारा मिनिटांची चाल. दुसऱ्या दिवशी बाबा खोलीबाहेर पडायलाच तयार होईनात. चेक-इन करतानाच लिफ्टजवळची खोली मागायला हवी होती. ती बहुधा मिळते, पण मागावी लागते.

वृद्धांसाठी स्ट्रिपचा मध्यभाग, म्हणजे बेलाजिओ, सीझर्स पॅलेस आणि फ्लेमिंगो या हॉटेलांचा परिसर, सर्वांत सोयीचा. बेलाजिओची कारंजी रस्त्यावरून फुकट पाहता येतात आणि थकवा आला तर खोलीवर परतता येते. मोनोरेल आहे खरी, परंतु तिची स्थानके पूर्वेकडील हॉटेलांच्या मागच्या बाजूला असल्यामुळे तेथवर जाण्यातच पाय दमतात. फ्रीमाँट स्ट्रीटचा जुना भाग स्वस्त आहे, पण तो स्ट्रिपच्या मध्यापासून सुमारे सात किलोमीटर दूर आहे आणि तेथील गाण्या-बजावण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत खोलीत येतो.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात कॅसिनोच्या आवारात धूम्रपानाला परवानगी आहे. घरात कोणाला दमा असेल तर पार्क एमजीएम हे हॉटेल पाहावे. तेथे कॅसिनोसह सर्वत्र धूम्रपान बंद आहे. त्याहूनही चांगला पर्याय म्हणजे कॅसिनोच नसलेले हॉटेल. बेलाजिओला लागून असलेले व्हडारा आणि एमजीएम ग्रँडच्या मागचे सिग्नेचर ही अशी हॉटेले आहेत. लहान मुले बरोबर असतील तरीही हाच पर्याय मला योग्य वाटतो, कारण २१ वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोतून चालत जाता येते, पण तेथे थांबता येत नाही.

या दोन्ही हॉटेलांत खोलीतच छोटे स्वयंपाकघर मिळू शकते, आणि ही सोय वरवर वाटते तेवढी किरकोळ नाही. कॅसिनो हॉटेलांतल्या बहुतेक खोल्यांत साधी किटलीही नसते. पहाटे पाचला उठणाऱ्या आईला एक कप चहा हवा असेल, तर कपडे बदलून, लिफ्टने उतरून, जुगाराच्या यंत्रांमधून वाट काढत कॉफीच्या दुकानापुढे रांगेत उभे राहावे लागते. भारतातून आणलेली किटलीही फारशी कामाची नाही. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असल्याने ती जेमतेम चौथाई ताकदीने तापते. खोलीतला फ्रीज बहुधा विक्रीच्या वस्तूंनी भरलेला असतो आणि त्यातील बाटली नुसती उचलली तरी बिलात रक्कम चढू शकते, हे आई-वडिलांना खोलीत शिरतानाच सांगावे.

तारखा शक्यतो रविवार ते गुरुवार अशा ठेवाव्यात. शुक्रवार-शनिवारी त्याच खोलीचे भाडे अनेकदा दुप्पट होते. जानेवारीतील सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे प्रदर्शन आणि नोव्हेंबरमधील फॉर्म्युला वनची शर्यत हे दिवस टाळावेत. जुलैमध्ये दर उतरतात, परंतु पारा चाळिशीपार जातो आणि दुपारी बाहेर चालणे वृद्धांना झेपत नाही. आरक्षण विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्यावे, रद्द करण्याची शेवटची तारीख लिहून ठेवावी, आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी त्याच खोलीचा दर पुन्हा पाहावा; तो उतरलेला असेल तर नवे आरक्षण करून जुने रद्द करावे.