नवे संशोधन वाचताना या चुका टाळा : मेंदूच्या प्रतिमांपासून वनस्पतींच्या अर्कांपर्यंत

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अटलांटिक सॅल्मन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांच्या भावनिक प्रसंगांची छायाचित्रे दाखवली आणि छायाचित्रातल्या व्यक्तीला काय वाटत असावे हे ओळखण्याचे काम रीतसर त्याच्यावर सोपवले. मासा मेलेला होता. तरीही विश्लेषणाअंती त्याच्या मेंदूत काही ठिपके ‘सक्रिय’ झालेले दिसले. यंत्र बिघडलेले नव्हते आणि कोणी लबाडीही केलेली नव्हती. अशा अभ्यासात मेंदूच्या प्रतिमेचे हजारो चिमुकले घन पाडले जातात आणि प्रत्येक घनावर स्वतंत्र संख्याशास्त्रीय कसोटी लावली जाते. एक लाख घनांवर कसोटी लावताना हजारात एक चूक चालवून घेतली, तर निव्वळ योगायोगाने शंभरएक घन उजळणारच. कसोट्यांची संख्या लक्षात घेऊन दुरुस्ती केल्यावर माशाच्या मेंदूतले सगळे ठिपके विझले. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल पुरस्कार मिळाला, तो हसवता हसवता विचार करायला लावल्याबद्दल.

मेंदूविज्ञान, वैद्यक, जनुकशास्त्र आणि नैसर्गिक संयुगांचे रसायनशास्त्र या चारही शाखांतले शोधनिबंध आज एकाच वाचकापुढे येतात आणि प्रत्येक शाखेची फसगत होण्याची तऱ्हा वेगळी असते. तरीही वाचताना मला एकच प्रश्न सर्वांत उपयोगी पडत आला आहे : जे दाखवले जात आहे ते मुळात नसतेच, तरी या पद्धतीने हेच दिसले असते का? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

रंगीत मेंदू म्हणजे छायाचित्र नव्हे

कार्यात्मक एमआरआयच्या प्रतिमेतला लाल-पिवळा रंग चेतापेशींचा नसतो. तो संख्याशास्त्रीय नकाशाचा असतो. यंत्र मोजते ते रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाशी निगडित असलेले बदल, आणि हे बदल चेतापेशींच्या हालचालीमागून काही सेकंदांनी शिखर गाठतात. त्यामुळे ‘मेंदूचा अमुक भाग पेटला’ हे वाक्य वाचले, की मधल्या दोन-तीन पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत असे समजावे.

याहून घातक चूक उलट्या अनुमानाची आहे. भीती वाटते तेव्हा मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग सक्रिय होतो हे खरे मानले, तरी अमिग्डला सक्रिय दिसला म्हणून त्या व्यक्तीला भीती वाटत होती असे ठरत नाही, कारण हाच भाग नावीन्य, बक्षीस आणि इतर अनेक गोष्टींनाही प्रतिसाद देतो. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या तर्कदोषाकडे स्पष्टपणे लक्ष वेधले होते. तरीही ग्राहकाच्या मनात काय चालले आहे ते मेंदूच्या प्रतिमेवरून सांगणारे दावे अजून थांबलेले नाहीत. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा हा प्रकार आहे.

नमुन्याच्या आकाराकडे दुर्लक्ष करणे ही तिसरी चूक. सहभागी कमी असले की खरा परिणाम नजरेतून निसटू शकतो, एवढेच अनेकांना ठाऊक असते. दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. लहान अभ्यासात जो परिणाम कसोटीचा उंबरठा ओलांडतो, तो बहुधा फुगलेलाच असतो, कारण योगायोगाने मोठा दिसला म्हणूनच तो उंबरठ्यापलीकडे गेलेला असतो. मेंदूची रचना किंवा जोडणी आणि माणसाचे स्वभावगुण यांचा सहसंबंध खात्रीने शोधायचा असेल, तर हजारोंच्या संख्येने सहभागी लागतात असे २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणातून दिसले, त्या क्षेत्रातल्या नेहमीच्या अभ्यासांत जेमतेम पंचवीस सहभागी असत. त्याआधी २०२० मध्ये एकच माहितीसंच सत्तर संशोधक गटांना देऊन तीच नऊ गृहीतके तपासायला सांगितली गेली होती. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट तंतोतंत सारखी निघाली नाही आणि काही गृहीतकांवर निष्कर्षही जुळले नाहीत. म्हणून निबंध वाचताना विश्लेषणाचा आराखडा आधी नोंदवला होता की निकाल पाहून ठरवला, हे पद्धतीच्या विभागात शोधावे.

एका जनुकाची गोष्ट आणि एक्सेलची करामत

२००३ मध्ये सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला एक फरक आणि आयुष्यातले ताण यांचा नैराश्याशी असलेला संबंध दाखवणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे या एका जनुकाभोवती शेकडो अभ्यास उभे राहिले. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर नैराश्याची अशी अठरा ‘उमेदवार जनुके’ तपासली गेली, तेव्हा सहज म्हणून निवडलेल्या इतर जनुकांपेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली नाही. म्हणूनच आज संपूर्ण जनुकसंच चाळणाऱ्या अभ्यासांत नेहमीच्या ०.०५ (विसात एक चूक) ऐवजी ०.०००००००५ इतका कडक उंबरठा पाळला जातो. ढोबळमानाने दहा लाख स्वतंत्र कसोट्यांनी ०.०५ ला भागले की हा आकडा येतो. माशाच्या मेंदूवर केलेली दुरुस्ती आणि ही दुरुस्ती तत्त्वतः एकच आहे.

हा उंबरठा ओलांडलेले स्थानही ‘त्या आजाराचे जनुक’ नसते. ते शेजारच्या अनेक फरकांसोबत एकगठ्ठा वारशाने आलेले असते आणि त्यातला नेमका कोणता फरक काम करतो हे वेगळ्या प्रयोगांनीच कळते. अशा अनेक स्थानांची बेरीज करून काढलेले जोखमीचे गुणांक एका लोकसमूहातून दुसऱ्याकडे जसेच्या तसे नेऊ नयेत. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यावर बेतलेले गुणांक इतरांच्या बाबतीत बरेच कमी अचूक ठरतात.

आता एक अगदी घरगुती वाटणारी, पण मोठे नुकसान करणारी चूक. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की ‘मार्च१’ या नावाचे जनुक ‘१ मार्च’ होते आणि ‘सेप्ट२’ हे ‘२ सप्टेंबर’ होते. आकड्यांच्या मधोमध इंग्रजी ‘ई’ अक्षर असलेले ओळखक्रमांक तर घातांकी संख्याच बनतात. २०१६ मधल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीनेच हात टेकले आणि त्यांची नावे ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’ अशी बदलली. सॉफ्टवेअरच्या सवयीसाठी जनुकांचे बारसे पुन्हा करावे लागले, हे मला आजही गमतीदार वाटते. जुन्या याद्यांत मात्र हा घोळ कायम आहे, आणि तो निस्तरताना बहुतेकजण आणखी एक चूक करतात : खराब झालेला रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘मजकूर’ असे करतात. तसे केल्याने नाव परत येत नाही, तारखेचा अंतर्गत क्रमांक तेवढा दिसू लागतो. शिवाय ‘मार्क१’ आणि ‘मार्च१’ ही दोन वेगळी जनुके एकाच तारखेत विलीन झालेली असू शकतात, त्यामुळे उलट ओळख पटवणेही अशक्य होते. उपाय एवढाच, की मूळ मजकूर फाइलकडे परत जावे, ती दुहेरी क्लिक करून न उघडता आयात करावी, आणि आयात करतानाच नावांचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवावा. एक्सेलमध्ये २०२३ पासून हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोयही आली आहे. आलेल्या यादीत ‘मार्च’, ‘सप्टें’ आणि ‘डिसें’ हे शब्द शोधून पाहणे ही पहिली तपासणी असावी.

दोन माहितीसंच जोडले आणि काहीच जुळत नसेल, तर संदर्भ जनुकसंचाची आवृत्ती तपासावी. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या मानवी संदर्भ जनुकसंचाच्या दोन आवृत्त्यांत एकाच स्थानाचे क्रमांक वेगळे असतात. त्या क्रमांकावर संदर्भात कोणते अक्षर आहे ते काही डझन नोंदींसाठी पडताळावे. बहुतेक सगळी चुकली तर आवृत्ती वेगळी आहे. एका घराने सरकवल्यावर सगळी जुळली तर मोजणीचा घोळ आहे, कारण जनुकसंचातली स्थाने नोंदवणाऱ्या फाइलींपैकी बेड प्रकारच्या फाइलीत मोजणी शून्यापासून आणि व्हीसीएफ प्रकारच्या फाइलीत एकपासून सुरू होते.

आकडा सुधारला, रुग्ण सुधारला का?

वैद्यकातली सर्वांत महागडी चूक म्हणजे मधल्या निर्देशकालाच अंतिम फळ मानणे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांतली अनियमितता असलेल्या रुग्णांना मृत्यूचा धोका अधिक असतो, तेव्हा ती अनियमितता दाबणारी औषधे जीव वाचवतील, असा सरळ तर्क एके काळी होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके खरोखरच नियमित करत. ‘कास्ट’ या चाचणीत ती प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीच्या, तुलनेत तपासली गेली, तेव्हा सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. हृदयालेख सुधारत होता आणि माणसे मरत होती. प्लासिबोचा गट नसता तर हे मृत्यू मूळ आजाराच्या नावावर खपले असते.

टक्केवारी कशाची हे न पाहणे ही दुसरी चूक. अल्झायमरवरील लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीत १,७९५ सहभागी होते आणि अठरा महिन्यांनंतर ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावल्याचे वृत्त जगभर गेले. ० ते १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध गटाची घसरण १.२१ होती आणि प्लासिबो गटाची १.६६, फरक ०.४५ गुणांचा. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. हा फरक रुग्णाला व घरच्यांना जाणवेल का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तो तोलताना मेंदूला येणारी सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव हे दुष्परिणामही त्याच पारड्यात घालावे लागतात.

अर्कात सापडले म्हणजे वनस्पतीने बनवले असे नाही

नैसर्गिक संयुगांच्या बाबतीत ‘परीक्षानळीत परिणाम दिसला’ या वाक्याला प्रमाणाबाहेर वजन दिले जाते. हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण घ्या. त्यावर प्रकाश पडला की ते स्वतः चमकते, त्यामुळे प्रकाशाची तीव्रता मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांत ढवळाढवळ करते. प्रथिनांना अविशिष्टपणे चिकटते. शरीराच्या तापमानाच्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. आणि तोंडाने घेतल्यास रक्तात अत्यल्प पोहोचते. २०१७ च्या एका सविस्तर आढाव्यात शंभराहून अधिक क्लिनिकल चाचण्यांची दखल घेऊनही, दुहेरी अंध (कोणाला खरे औषध मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली) आणि प्लासिबो-नियंत्रित अशी एकही यशस्वी चाचणी दाखवता आली नाही. प्रत्येक चाचणीला होकार देणारे संयुग दिसले की आनंद न मानता संशय घ्यावा.

तपासण्याची रीत सोपी आहे. चाचणीच्या द्रावणात ट्रायटॉन एक्स-१०० हा अपक्षालक (डिटर्जंट) अगदी थोडा, ०.०१ टक्का, घालून प्रयोग पुन्हा करावा. परिणाम नाहीसा झाला, तर संयुगाचे रेणू एकत्र गोळा होऊन एन्झाइमला गुंडाळून टाकत होते, असे समजण्यास जागा आहे. मग प्रकाशावर अवलंबून नसलेल्या दुसऱ्या पद्धतीने तोच परिणाम मोजावा, आणि वापरलेली तीव्रता माणसाच्या रक्तात कधी गाठता येते का, हे आकडे समोरासमोर ठेवून पाहावे.

ट्रॅमॅडॉलची कहाणी मात्र कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाची झोप उडवणारी आहे. हे वेदनाशामक पूर्णतः कृत्रिम मानले जाई. २०१३ मध्ये कॅमेरूनमधल्या एका औषधी झाडाच्या मुळांत ते मोठ्या प्रमाणात सापडल्याचा निबंध आला आणि निसर्गाने माणसाचेच औषध आधी बनवले होते अशी वृत्ते पसरली. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच भागातली माती, पाणी आणि इतर झाडे तपासली. तिथेही ट्रॅमॅडॉल होते आणि सोबत सस्तन प्राण्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी त्याची चयापचयजन्य रूपेही होती. तिथले शेतकरी स्वतः हे औषध घेत आणि गुरांनाही देत. पहिल्या गटाने माघार घेतली नाही. मग २०१६ मध्ये मातीतल्या ट्रॅमॅडॉलमधला किरणोत्सारी कार्बन मोजला गेला. जिवंत वनस्पतीने हवेतून घेतलेल्या कार्बनमध्ये तो असतोच, खनिज तेलापासून बनवलेल्या रसायनात नसतो. आणि या नमुन्यात तो नव्हता. पहिल्याच वेळी शेजारचे झाड आणि बुंध्याजवळची माती तपासली असती, तर बरीच वर्षे वाचली असती. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी घातलेली, प्लास्टिकच्या नळ्यांतून उतरणारी थॅलेट्स ही रसायने अशीच ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदली गेली आहेत. म्हणून अर्क न घालता, तीच भांडी आणि तेच द्रावक वापरून केलेली कोरी फेरी प्रत्येक वेळी हवी.

‘सापडले नाही’ याचीही तपासणी करा

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही विचारावा लागतो : गोष्ट असूनही पद्धतीमुळे दिसत नसेल का? चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीच्या अर्कात मलेरियाविरुद्ध भरवशाचा परिणाम मिळत नव्हता. उष्णतेने क्रियाशील घटक नष्ट होत असावा, ही शंका त्यांना एका प्राचीन चिनी ग्रंथातल्या कृतीवरून आली, कारण त्या कृतीत वनस्पती उकळायची नव्हती, पाण्यात भिजवून पिळायची होती. मग कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला गेला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतल्या मलेरियावर शंभर टक्के परिणाम दाखवला. वनस्पती तीच होती, अर्क काढण्याची रीत बदलली होती.

प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का, या वादातही असेच घडले. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आलेल्या दोन निबंधांपैकी एकाला त्या जवळपास सापडल्याच नाहीत, तर दुसऱ्याला उतारवयापर्यंत सापडल्या. पुढच्या वर्षी एका गटाने दाखवले, की ऊती जतन करणाऱ्या रसायनात नमुना जास्त काळ राहिला तर नव्या पेशी ओळखून देणाऱ्या डबलकॉर्टिन या प्रथिनाची खूण दिसेनाशी होते. वाद त्यामुळे मिटलेला नाही, पण ऊती किती तास त्या रसायनात होती हे न सांगणारा नकारात्मक निकाल आता अर्धवट समजला जातो. प्रयोगशाळेत यावर उतारा असा, की ज्यात ती गोष्ट नक्की आहे असा नमुना सोबत चालवावा, किंवा माहीत असलेले संयुग मोजून अर्कात मिसळावे आणि शेवटी त्यातले किती परत हाती लागते ते पाहावे. तेही परत मिळत नसेल, तर ‘सापडले नाही’ हा निकाल लिहिण्याआधी पद्धत दुरुस्त करावी.