आधी कालनिर्णय, मग नकाशा

किल्ले, गावं आणि तिथलं जेवण अशी सहल काढायची म्हटली की आमच्या नेरुळच्या घरात सगळे मोबाइलवर नकाशा उघडून बसतात. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर आणते. किती किलोमीटर, किती तास, हे नंतर पाहता येतं. आधी पाहायच्या त्या न वाकणाऱ्या गोष्टी: भरती-ओहोटी, मासळी, सासूबाईंचे उपास आणि खानावळीची चूल. या चार गोष्टी एकदा मांडल्या की बाकीचा बेत आपोआप त्यांच्याभोवती बसतो. नवी मुंबई-ठाण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण आणि घाट चढून कोल्हापूरमार्गे परत, हा आमचा लाडका फेरा आहे. त्याचीच आखणी सांगते. पूर्ण फेऱ्याला नऊ-दहा दिवस हातात हवेत. तेवढी रजा नसेल तर अलिबाग ते हर्णै हा तुकडा लांबच्या शनिवार-रविवारी जमतो.

हंगाम ठरवायला फार डोकं लागत नाही. पावसाळ्यात जलदुर्गांच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे किल्ला नाही आणि ताजा मासाही नाही. मे महिन्यात आंबा असतो, पण दुपारी तटावर उभं राहून दाखवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर अलिबागच्या बाजूला पोपटी मिळते. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. चिकन, अंडी घालतात ती हौस. शेंगांना पाल्याचा जो वास लागतो तोच खरा. पोपटी हॉटेलच्या मेनूवर शोधू नका. जिथे मुक्काम कराल त्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, म्हणजे ते वाडीत लावतात.

आता तिथी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून पहिला मुहूर्त त्याचा. हिशोब कोळ्यांच्या घरात पोरांनाही येतो: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण बेत आखायला एवढं पुरतं. मात्र एक पोटभेद आहे. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि पुरतं उतरतही नाही, त्यामुळे ओहोटी असूनही गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांबवर हटतं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. मला आवडते तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, त्यात सहा तास मिळवा, सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. ऊन कोवळं, वाळू घट्ट. सव्वासातला निघायचं, साडेनऊच्या आत परत किनाऱ्यावर. किनाऱ्यावरच्या टांगेवाल्यांना पाण्याची वेळ विचारून मगच पाऊल टाका, त्यांचं पोट त्यावर आहे.

तृतीया शुक्ल पक्षातली धरा, याला कारण सासूबाई. त्या संकष्टी आणि एकादशी करतात. शुद्ध तृतीयेला निघालं की संकष्टी लांब राहते आणि एकादशी येईपर्यंत आपण कोल्हापूरला पोचलेलो असतो. सोमवारही त्या मासे-मटणाविना पाळतात, आणि तो मात्र कुठल्याही आठवड्यातून निसटत नाही. तो मालवणात पडू द्यायचा नाही. गुरुवारी पहाटे निघालं की सोमवार विजयदुर्गच्या वाटेवर येतो. त्या दिवशी घावणे, आंबोळ्या, कुळथाची पिठी यांवर सगळ्यांचं छान चालतं. तृतीया आणि गुरुवार दोन्ही जुळणारा महिना क्वचितच मिळतो. न जुळल्यास मी ओहोटीच्या बाजूने जाते. सासूबाई समजून घेतात, समुद्र घेत नाही.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे आंग्र्यांनी इथून समुद्र राखला. तटाजवळ गेलात की हात लावून बघा: मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत, मधल्या फटींतून लाटेचं पाणी आत शिरतं आणि जोर जिरवून बाहेर येतं. वर चाकाच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या, 1849 सालच्या. म्हणजे मराठ्यांच्या नव्हेत. मुलं त्यावर चढून फोटो काढतात आणि खाली ‘शिवरायांची तोफ’ लिहितात, ते तेवढं टाळा. आत गोडं पाणी आहे आणि गणपतीचं देऊळ.

अलिबागहून मुरुड. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात. सकाळची पहिली गाठा, कारण दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात. महाराजांना आणि संभाजीराजांना न मिळालेला हा किल्ला सिद्दींचा. दरवाजा असा बसवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दाराजवळचं शिल्प बघा, एकाच श्वापदाने सहा हत्ती पकडलेले: चार पंजांत, शेपटीत आणि तोंडात. होडीवाले आत पाऊण-एक तासच देतात, म्हणून आधी ठरवा: कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचं तळं. उरलेल्या वेळात तटावरून समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी उभारलेला.

इथून पुढे खरी मजा जंगलजेट्टीची. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या गाडीसकट ओलांडता येतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे, त्यामुळे महामार्ग चांगला की वाईट या वादात मी पडत नाही, खाडीने जाते. जेट्टीवर रांग लागली तर एक फेरी हुकते, म्हणून दोन किल्ल्यांच्या मध्ये दोन जेट्ट्या एका दिवसात ठेवायच्या असतील तर मधलं जेवण कुठे आहे ते आधी बघा. माझा नियमच आहे, दिवस जेवणापासून मागे मोजायचा. दीड वाजता पान वाढलेलं हवं, तर किल्ल्यावरून साडेबाराला खाली, तर वर आठला. संध्याकाळ गावाला.

कोकणातल्या घरगुती खानावळीत जाऊन बसलं आणि मेनू मागितला असं होत नाही. आदल्या दिवशी फोन करून ‘पाच पानं, त्यातलं एक शाकाहारी’ असं सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवेत तर माणशी किती तेही सांगा. न सांगता दोन वाजता गेलात आणि वहिनींनी ‘भात संपला हो’ म्हटलं तर रागावू नका. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर या पट्ट्यात शाकाहारी पान असं असतं की मासे खाणाऱ्यांनीही एक वेळ ते जेवावं. डाळिंबी उसळ, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आणि मोदकावर तूप घालताना ‘पुरे’ म्हणायची वेळ कळलेली माणसं.

हर्णैला दुपारी पोचा आणि मुक्काम करा. इथे समुद्रात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर त्याचे तीन राखणदार, कनकदुर्ग, गोवा किल्ला, फत्तेगड. 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपलेच आपल्यावर कसे उलटले याची गोष्ट मुलांना सांगायला दुसरी बरी जागा नाही. होडीतून उतरताना पाय ओले होण्याची तयारी ठेवा. संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. होड्या उथळ पाण्यात थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या आणतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि बोली अशा वेगाने चालते की नवख्याला आकडा कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. लिलावात आपण बोलायचं नाही. ढीग घेतलेल्या मावशीकडून दोन पापलेटं किंवा पाव किलो कोळंबी मागायची, कल्ले लाल आहेत ना ते बघायचं, आणि मुक्कामाच्या घरी करायला द्यायची. करणावळ वेगळी द्यावी लागते, ती घासाघीस न करता द्या.

रत्नागिरीत किल्ल्यापेक्षा मला थिबा राजवाडा ओढतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, 1885 मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढून इकडे आणून ठेवलेला. वाडा तयार झाला 1910-11 च्या सुमाराला, आणि 1916 मध्ये राजा गेला. सागवानी खांबांच्या त्या वाड्यातून समुद्राकडे बघताना सासूबाई म्हणाल्या, “एवढं मोठं घर आणि जायला कुठे नाही.” बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून हा वाडा रविवारीच उरकायचा.

विजयदुर्गला तिहेरी तट आहे. तो नुसता पाहून होत नाही, त्यातून चालावं लागतं, आणि दोन तास कसे जातात कळत नाही. 1756 मध्ये इंग्रजांच्या आरमाराने हा आंग्र्यांचा बालेकिल्ला जिंकून घेतला. वर सावली कमी, टोपी आणि पाणी घ्या.

मालवणात मात्र घाई करू नका, दोन रात्री राहा. पहिल्या सकाळी होडीने सिंधुदुर्ग. त्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा. 25 नोव्हेंबर 1664 ला तिथे पूजा होऊन किल्ल्याचं काम सुरू झालं. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं, म्हणून तर किल्ला टिकला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे, आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळही. परतीची होडी कोणती ते नीट विचारून ठेवा, तीच धरावी लागते. जेवणाचं सांगायचं तर कोंबडीवडे एका वेळी, मासे दुसऱ्या वेळी. दोन्ही एका पानात मागितलं की दोन्हींचा अपमान. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मिळालं तर सुरमई सोडा. सुरमई आपल्याला वाशीतही मिळते. येताना खाजा घ्या, आल्याचा ठसका असलेला.

मालवणहून कणकवली, मग फोंडा घाट चढून राधानगरी. घाटात मुलांना उलट्या होतात, सकाळी पोट जड करू नका. राधानगरीचं धरण शाहू महाराजांचं. त्याचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, पण ते बघायचं तर पावसाळ्यात यावं लागेल.

कोल्हापुरात दुपारी पोचून अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, खासबागेचं कुस्तीचं मैदान. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, आणि रात्री कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, जे प्यायला धाडस लागतं. आमचा मुलगा प्यायला, मी नाही. दुसऱ्या सकाळी मिसळ खाऊन पन्हाळा. तिखट सोसत नसेल तर कट मागवूच नका, कमी-जास्त करत बसलात तर चव जाते. पन्हाळ्यावर गाडी जाते, म्हणून सासूबाईंना हा सगळ्यात आवडता. तीन दरवाजा, अंधारबाव, आणि अंबरखान्याची धान्याची कोठारं. ती एवढी मोठी आहेत की 1660 मधला सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने कसा निभला ते डोळ्यांनी कळतं. त्याच जुलैत महाराज रात्री पावसातून विशाळगडाकडे निसटले. दुपारी खाली येऊन तांबडा-पांढरा. आधी पांढरा प्या, मग तांबड्याला हात लावा.

आता फुटकळ पण उपयोगाचं. होडी, जेट्टी, खानावळ, मासळी यांसाठी शंभर-दोनशेच्या नोटा वेगळ्या ठेवा. किनाऱ्यालगत मोबाइलला रेंज जाते आणि पैसे पाठवता येत नाहीत. ज्यांच्या घरात एवढ्या लांबच्या प्रवासाची सवय नाही, त्यांनी आधी आसपास एक दिवस फिरून बघावं. आपल्या बेलापूरच्या किल्ल्याचा पडका बुरूज आहेच. ठाणेकरांनी तर घोडबंदर आणि वसई एका दिवसात करावं. ठाण्याचा किल्ला, जो मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, त्यात सध्या मध्यवर्ती कारागृह आहे, तो बाहेरूनच बरा. दोन वर्षांनी, 1739 मध्ये, वसई पडली. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली घंटा आजही टांगलेली आहे. कोल्हापूरहून परतताना वाट वाकडी करायला वेळ असेल तर सातारा सोडल्यावर मेणवली करा आणि साताऱ्याचे कंदी पेढे आधीच घेऊन ठेवा. नाहीतर कोल्हापूर पहाटे सोडा, पुणं गर्दीच्या आधी ओलांडता येतं, आणि दुपारच्या जेवणाला नेरुळला.