जादा थांबायला लावणारं वातावरण कसं मोजायचं

ओव्हरटाइमचे तास बघितले की कंपनीचं वातावरण कळतं, हा सल्ला आधी सोडून द्या. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मी ही पाहणी बरीच वर्षं करतो आहे. वेळेवर घरी निघालेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशी काय होतं, ते मोजायचं असतं.

टाइम ऑफिसकडून तीन महिन्यांचं विभागवार पंचिंग, म्हणजे येण्या-जाण्याच्या वेळांची नोंद, घ्या. मार्च आणि दिवाळीआधीचा महिना त्यात मिसळू नका.

पंचिंगवर सगळी भिस्त नको. कार्ड पंच करून परत टेबलाशी बसणारे त्यात दिसत नाहीत. मी दोन आठवडे गेटवर उभा राहून जनरल शिफ्टच्या बसमधल्या रिकाम्या जागा मोजतो. कागदावर सगळे सुटलेले आणि नाशिकरोडची बस रोज निम्मी रिकामी, असं दिसलं की कुठे बघायचं ते कळतं.

कामगार आणि स्टाफ यांचे आकडे वेगळे ठेवा. कारखाने कायदा, 1948 च्या कलम 59 ने ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, दुप्पट दर ठरवला. घराचा हप्ता असलेला कामगार ती ओटी स्वतःहून मागतो. डिझाइन किंवा अकाउंट्सच्या माणसाला रात्री आठपर्यंत थांबून बहुतेक ठिकाणी एक रुपयाही जास्त मिळत नाही. दोघांची सरासरी काढली, तर पाहणी तिथेच वाया गेली.

आता प्रश्नावली. खरी अडचण इथे आहे. इटलीच्या ग्रेटा माझेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये यासाठी एक मापनश्रेणी मांडली. जादा कामाला किती उत्तेजन मिळतं आणि त्याचा मोबदला किती मिळत नाही, या दोन गोष्टी ती वेगवेगळ्या मोजते. मीही तसंच करतो. ‘तुम्ही जादा थांबता का?’ असं कधीच विचारू नका. माणूस भीतीने किंवा अभिमानाने उत्तर देतो. विधानं विभागाबद्दल असू द्या : ‘आमच्या खात्यात साहेब निघेपर्यंत कुणी उठत नाही.’ ‘वेळेवर निघणाऱ्याला बढती मिळायला अडचण येते.’ ‘रात्री उशिरा थांबलं तरी सकाळी वेळेवरच यावं लागतं.’ एक ते पाच गुण, मराठी आणि हिंदी दोन्हीत.

अंबडच्या एका कारखान्यात मी फॉर्म सुपरवायझरच्या हातून कॅन्टीनमध्ये वाटले. मॅनेजर चहाचा ग्लास घेऊन दाराशी उभे होते. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर सगळीकडे तीनच! संध्याकाळी टपरीवर एक जण म्हणाला, “साहेब, वर वय विचारलंय. आमच्या खात्यात छत्तीस वर्षांचा मी एकटाच आहे. नाव कशाला लिहायला पाहिजे?” त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नाव न विचारताही तो ओळखू येईल, असं मी करून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी वय आणि नोकरीची वर्षं विचारत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या खात्याचा आकडा वेगळा दाखवत नाही, शेजारच्या खात्यात मिळवतो. कुलूपबंद पेटी गेटबाहेर, किल्ली माझ्याकडे. कंपनीच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर फॉर्म पाठवायचा आग्रह झाला, तर काम सोडा.

बेरीज कुणीही करेल. सरासरीसोबत उत्तरांची पांगापांग मात्र बघा. निम्मे एक आणि निम्मे पाच म्हणत असतील, तर ‘तीन’ हा आकडा खोटा आहे. बहुतेक वेळा तिथे दोन वेगळे सुपरवायझर निघतात.

आठवड्याला 55 तास ओलांडणारे किती, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये दाखवलं, की 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

व्यवस्थापनाला अहवाल मिळेल त्याच दिवशी तो कॅन्टीनच्या फळ्यावरही लागेल, हे काम घेण्याआधी लेखी ठरवून घ्या. हे एकदा जरी राहिलं, तर पुढच्या वर्षी पेटीत फॉर्म पडत नाहीत.