ब्रेकफास्ट बारचा चुरा होतोय किंवा दगड? या चुका टाळा

पहिल्या घाण्याचा चुरा, दुसऱ्याचा दगड, आणि दोष ओट्सना! बिघडतो तो बहुतेक वेळा पाक.

आधी प्रमाण घ्या. जाड रोल्ड ओट्स 200 ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे 75, भोपळ्याच्या बिया 30, तीळ 25. बांधायला साधा गूळ 120 ग्रॅम, मध 40, तूप एक मोठा चमचा. कोरडा माल दोन भाग, ओला साधारण एक भाग. 8 इंची चौकोनी ट्रेमध्ये 12 बार पडतात.

गुळाला कात्री लावणे. ही चूक सगळ्यात लाडकी. ओळखीतल्या एका घरी 'हेल्दी' म्हणून गूळ निम्मा केला, वर दोन चमचे प्रोटीन पावडर घातली. पावडर पाक पिऊन टाकते. ट्रे उलटा केला तर चिवडाच बाहेर पडला. पुढच्या खेपेला चिकटावं म्हणून चिक्कीचा गूळ आणला आणि चिक्कीसारखाच आटवला. ते बार बत्त्याने फोडून दुधात भिजवावे लागले. अहो, वरच्या प्रमाणात एका बारला 10 ग्रॅम गूळ येतो. तोही नको असेल तर निम्म्या गुळाच्या जागी बिनबियांचा काळा खजूर 100 ग्रॅम वाटून घाला. नुसता गूळ कमी करून काही साधत नाही.

पाक घड्याळावर करणे. 'तीन मिनिटं उकळा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कढईचा तळ, गुळातली ओल, आच, सगळं वेगळं असतं. गुळात चमचाभर पाणी आणि तूप घालून मंद आचेवर विरघळवा. बुडबुडे दाट झाले की वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. तो पसरला तर पाक कच्चा. बोटांत मऊ गोळी झाली, दाबल्यावर चपटी झाली, की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर 115 ते 118 अंश सेल्सिअस. गोळी टणक वाजली तर चिक्की करा, बार विसरा. मध गॅस बंद केल्यावरच घालावा.

ओट्स न भाजणे. कच्चे ओट्स बारला पिठाळ चव देतात. मंद आचेवर 8-10 मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. इन्स्टंट ओट्स नकोत, त्यांचा लगदा होतो.

जवस अख्खं घालू नका, भरड कुटा. चॉकलेटचे तुकडे घालायचे तर थापून झाल्यावर, मिश्रण कोमट असताना वरून दाबून बसवा.

हलक्या हाताने थापणे. मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने, पूर्ण वजन देऊन दाबा. कोपरे आधी. कोमट असताना सुरीने खुणा पाडा, पण सुटे करा ते पूर्ण गार झाल्यावर. दहा मिनिटांत ट्रे उलटा करणाऱ्यांनी सरळ बिस्किटाचा पुडा आणावा.

खजूर भिजवून घातला असेल तर डबा फ्रिजमध्येच, आणि आठवड्याच्या आत संपवा. पावसाळ्यात गुळाचे बारही बाहेर चिकट होतात; मध्ये बटर पेपर ठेवून हवाबंद डब्यात भरा.