बेस गिटार आणि माउथ ऑर्गन एकाच वेळी कसे वाजवावे

गिटार वाजवता वाजवता गळ्यातल्या स्टँडवरचा माउथ ऑर्गन फुंकणारे वादक बरेच दिसतात. बेस गिटार घेऊन तेच करणारा मात्र क्वचित आढळतो. गिटारवादकाचा उजवा हात एका ठरावीक झोकाने वरखाली फिरत राहतो आणि डावा हात एक कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरून चार मात्रा स्वस्थ बसू शकतो. बेसवादकाला ही सवलत नाही. त्याला प्रत्येक सूर वेगळा छेडावा लागतो, तो किती वेळ वाजू द्यायचा आणि नेमका कोठे तोडायचा हेही पाहावे लागते, आणि त्याचा हात अडखळला की सगळ्या गाण्याचीच लय डगमगते. कॅलिफोर्नियातले जेसी फुलर एकट्याने बारा तारांची गिटार, माउथ ऑर्गन आणि खर्ज असे सगळे वाजवत असत. पण खर्जासाठी त्यांनी पायाने पेडल दाबून वाजवायचे ‘फोटडेला’ नावाचे वाद्य स्वतः घडवले होते. आपण खर्ज हातांकडेच ठेवणार आहोत. त्यामुळे ही हातांची कसरत आहे असे प्रथम वाटते, परंतु आठवडाभर प्रयत्न केल्यावर लक्षात येते की खरी अडचण श्वासाची आहे.

कोणता माउथ ऑर्गन घ्यावा

आपल्याकडे अनेक घरांत कपाटात पडलेला असतो तो लांबट, २४ छिद्रांचा ट्रेमोलो माउथ ऑर्गन. प्रत्येक सुराला किंचित वेगळ्या लावलेल्या धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकदम वाजत असल्यामुळे त्याचा स्वर थरथरता आणि गोड असतो, पण या कामासाठी तो गैरसोयीचा आहे. त्याच्यात फुंकरीचे आणि ओढीचे सूर वेगवेगळ्या छिद्रांत असल्याने डोके फार हलवावे लागते. येथे दहा छिद्रांचा, सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या सुरांत लावलेला, माउथ ऑर्गन हवा. त्याच्या एकाच छिद्रात फुंकले की एक सूर आणि श्वास आत ओढला की दुसरा सूर मिळतो.

सुरांची पट्टी निवडताना बहुतेक जण ‘सी’चा, म्हणजे पांढरी एकचा घेतात. बेसवादकाने ‘ए’चा, म्हणजे पांढरी सहाचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लूज या संगीतप्रकाराच्या वादनात माउथ ऑर्गनवर लिहिलेल्या पट्टीत न वाजवता, ओढीच्या सुरांना आधार मानून तिच्या पंचमाच्या पट्टीत वाजवण्याची जुनी रीत आहे. या रीतीने ‘ए’च्या माउथ ऑर्गनवर ‘ई’, म्हणजे पांढरी तीनमध्ये वाजवता येते. आणि बेसच्या चार तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी अशा लावलेल्या असल्याने त्या पट्टीतले दोन मुख्य सूर मोकळ्या तारांवरच मिळतात. डोळे तोंडासमोरच्या वाद्यामुळे अडलेले असताना ही सोय फार मोठी ठरते.

अंगावर चढवण्याची पद्धत

गळ्यातला स्टँड आधी घालावा आणि बेसचा पट्टा नंतर, म्हणजे बेस उतरवताना स्टँडला धक्का लागत नाही. बेसचे वजन चार किलोच्या आसपास असते. पट्टा स्टँडच्या धातूच्या दांडीवर आला तर ते सगळे वजन हाडावर रुतते, म्हणून पट्टा रुंद असावा आणि दांडीच्या बाहेरच्या बाजूने खांद्यावर बसावा. माउथ ऑर्गन लावताना एक क्रमांकाचे छिद्र डावीकडे आहे याची खात्री करावी. घाईत तो उलटा बसतो आणि आपण पाच मिनिटे स्वतःच्याच कानांवर संशय घेत राहतो.

त्यानंतर भिंतीसमोर ताठ उभे राहून नजर सरळ ठेवावी आणि माउथ ऑर्गन ओठांपर्यंत येईल अशा उंचीवर स्टँडचे नट आवळावेत. मान खाली घालून वाद्य गाठावे लागत असेल तर उंची चुकली आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मानेला मोजावी लागते. स्वस्त स्टँडचे नट वाजवताना हळूहळू ढिले होतात. माझा स्टँड एकदा ऐन गाण्यात हनुवटीखाली घसरला आणि पुढची दोन कडवी मी नुसता बेस वाजवून काढली. तेव्हापासून नटाखाली रबराची वायसर घालतो.

आधी हात, मग श्वास

पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही वाद्ये वेगवेगळीच साधावीत. बेसवर ब्लूजचा बारा बारांचा (एक बार म्हणजे चार मात्रा) साचा घ्यावा: चार बार ई, दोन बार ए, दोन बार ई, एक बार बी, एक बार ए आणि शेवटचे दोन बार पुन्हा ई. प्रत्येक ठिकाणी मूळ सूर, त्याचा पंचम आणि वरच्या सप्तकातला तोच सूर एवढेच वाजवावे. ई वर असताना मोकळी ई, मग ए तारेचा दुसरा फ्रेट (दांडीवरचा पडदा), मग डी तारेचा दुसरा फ्रेट. ए वर गेल्यावर हीच आकृती एक तार पुढे सरकते, म्हणजे मोकळी ए आणि पुढच्या दोन तारांचे दुसरे फ्रेट. बी साठी ए तारेचा दुसरा फ्रेट, आणि डी व जी तारांचे चौथे फ्रेट. हात जवळपास जागेवरून हलतच नाही.

मोकळ्या तारांचा एक तोटा असा की त्या आपणहून गप्प होत नाहीत. ई सोडून ए वर गेल्यावरही जाड तार खाली गुरगुरत राहते आणि सगळे गढूळ होते. यासाठी उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) कायमचा रोवून न ठेवता, बोटे पुढच्या तारेवर जाताच तो ई तारेवर अलगद टेकवावा.

हात तयार झाले आहेत की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवून हा साचा वाजवावा आणि त्याच वेळी मोठ्याने सतराचा पाढा म्हणावा. सतरा साते एकशे एकोणीसच्या आसपास बोटे थबकली, किंवा पाढा नकळत बेसच्या ठोक्यांवर नाचू लागला, तर तोंड आणि हात अजून एकमेकांना बांधलेले आहेत असे समजावे. पाढा आपल्या चालीने आणि बेस आपल्या चालीने जाऊ लागेपर्यंत बेससोबत स्टँड घालू नये.

माउथ ऑर्गनचा सराव पहिल्या दिवसापासून स्टँडवरच करावा. हातात धरून शिकलेला वादक वाद्य ओठांवरून सरकवतो. स्टँडवर वाद्य जागेवर राहते आणि डोके सरकवावे लागते, तेही एका छिद्रामागे पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ पुढे काढून एकच छिद्र वाजवता येईपर्यंत हा सराव करावा. हातांचा पोकळ संपुट करून स्वर उघडझाप करण्याची सोय येथे नसते, त्यामुळे स्वरातला रंग जिभेच्या आणि घशाच्या हालचालीतूनच काढावा लागतो.

श्वासाचा हिशेब

‘ए’च्या माउथ ऑर्गनवर पहिली चार छिद्रे एकदम ओढली की ई ची कॉर्ड मिळते आणि पहिली तीन फुंकली की ए ची. म्हणजे बेस ई वर असेल तेव्हा श्वास आत आणि ए वर असेल तेव्हा बाहेर, असा सरळ नियम बनतो. बी साठी पहिल्या किंवा चौथ्या छिद्राची एकच ओढ घ्यावी. चौथे, पाचवे आणि सहावे एकत्र ओढले तर बी ची मायनर कॉर्ड वाजते आणि ती सहसा खटकते.

आता अडचण पाहा. साच्याच्या सुरुवातीला सलग चार बार ई आहे. ७० च्या लयीत या सोळा मात्रांना जवळजवळ चौदा सेकंद लागतात, आणि इतका वेळ कोणी नुसता श्वास आत घेत राहू शकत नाही. छाती भरून येते, खांदे वर चढतात आणि नेमका त्याच क्षणी बेस पुढे पळू लागतो. यावर उपाय वाद्यातच आहे: दुसऱ्या छिद्राच्या ओढीत जो ई सूर मिळतो, तोच तिसऱ्या छिद्राच्या फुंकरीतही मिळतो. म्हणून पहिला बार दुसऱ्या छिद्राने ओढावा, दुसऱ्यात तिसऱ्या छिद्रातून छाती रिकामी करावी, आणि मध्ये मोकळ्या जागा सोडून नाकाने उरलेली हवा जाऊ द्यावी. साचा कागदावर लिहून प्रत्येक बाराखाली ‘आत’, ‘बाहेर’ आणि ‘गप्प’ असे तीनच शब्द लिहिले की निम्मे काम होते.

एकत्र वाजवण्याची सुरुवात प्रत्येक बारात एकाच सुराने करावी. बेस समेवर पडेल त्याच क्षणी ओढ सुरू करावी, ती दोन मात्रा टिकवावी आणि उरलेल्या दोन मात्रा तोंड मोकळे ठेवावे. हे सहज झाल्यावर माउथ ऑर्गनची सुरुवात समेऐवजी दुसऱ्या मात्रेवर न्यावी. येथे बहुतेकांचा बेसही मागे सरकतो. तसे झाले तर लय ५० वर आणून पुन्हा पाढ्याकडे वळावे.

पुढची पायरी संवादाची आहे. दोन बार माउथ ऑर्गन बोलतो तेव्हा बेसने फक्त मूळ सूर धरावा, आणि माउथ ऑर्गन थांबला की बेसने पंचम व वरचा सूर घेऊन उत्तर द्यावे. दोघांनी एकदम बडबड केली तर ऐकणाऱ्याला काहीच लागत नाही. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, आणि माउथ ऑर्गनच्या दुसऱ्या छिद्राच्या ओढीची सुमारे ३३० हर्ट्झ; म्हणजे दोन्हींमध्ये बरोबर तीन सप्तकांचे अंतर आहे. त्यामुळे सूर एकमेकांवर आदळत नाहीत, पण मधला भाग पोकळ राहतो. ही पोकळी भरण्यासाठी अधूनमधून एका सुराऐवजी दोन-तीन छिद्रे एकत्र ओढावीत, कारण कॉर्डचे काम करणारा दुसरा कोणी येथे नाही.

घरच्या खोलीत माउथ ऑर्गनला माइक लागत नाही. बेसचा अँप (ध्वनिवर्धक) मात्र इतका कमी ठेवावा की तोंडातला सूर स्वतःला स्पष्ट ऐकू येईल. मंचावर माइक स्टँडवर घ्यावा आणि त्या माइकचा खर्ज मिक्सरवर पूर्ण उतरवावा, नाही तर बेसचा आवाज त्याच माइकमधून परत शिरतो आणि सगळे घुमू लागते. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून माउथ ऑर्गन तळहातावर चार वेळा ठोकावा, ओल निघून जाऊ द्यावी आणि मगच डबीत ठेवावा.