दोन स्विच जोडताना या चुका टाळा

दोन स्विचमध्ये नुसती दुसरी केबल टाकून वेग दुप्पट होत नाही. स्पॅनिंग ट्री (जास्तीची वाट बंद ठेवणारी स्विचमधली सोय) चालू असेल तर दुसरा पोर्ट ब्लॉक होतो. बंद असेल तर लूप तयार होतो, ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांना जाणारे डेटाचे तुकडे) फिरत राहतात आणि काही क्षणांत अख्खं नेटवर्क आडवं होतं. म्हणून आधी दोन्ही स्विचवर लिंक ॲग्रिगेशन ग्रुप (अनेक केबल मिळून एकच लिंक) बनवा, दुसरी केबल त्यानंतर लावा.

ग्रुप उभाच राहत नसेल तर मोड तपासा. एलएसीपीत (दोन्ही बाजू आपसात बोलून ग्रुप उभा करतात तो प्रोटोकॉल) दोन्ही बाजू पॅसिव्ह असतील तर सुरुवात कुणीच करत नाही; दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेवणं उत्तम. सोपा वाटतो म्हणून स्टॅटिक मोड (एलएसीपीशिवाय हाताने बनवलेला ग्रुप) निवडू नका. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असेल आणि त्याच्या पलीकडे लिंक तुटली, तर स्टॅटिक ग्रुपला पत्ताच लागत नाही. तो त्याच केबलवर फ्रेम पाठवत राहतो, पोर्टचा दिवा हिरवाच असतो आणि काही जणांचंच नेटवर्क बंद पडतं. असा बिघाड शोधणं फार त्रासाचं. एलएसीपीला तो कळतो, पण स्लो टायमरवर ९० सेकंदांनी. फास्टवर ३ सेकंदांत.

व्हीएलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) नेहमी ग्रुपवर लावा, एकेका पोर्टवर नाही.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती अशी: १ गिगाबिटच्या दोन लिंक जोडल्या, तरी फाइल कॉपी १ गिगाबिटच्या वर जात नाही. हा बिघाड नाही. फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एक फ्लो (दोन यंत्रांमधला एक संवाद) एकाच लिंकवरून जातो. कुठली लिंक, ते हॅश (फ्रेममधल्या पत्त्यांवरून काढलेला आकडा) ठरवतो. फायदा होतो तो एकाच वेळी अनेक जण काम करत असताना. तरीही एकच लिंक भरत असेल तर हॅश फक्त मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर) आहे का बघा. राउटरकडे जाणाऱ्या ट्रॅफिकचा डेस्टिनेशन मॅक एकच असतो, त्यामुळे वाटणी नीट होत नाही. आयपी आणि टीसीपी/यूडीपी पोर्ट नंबरवर आधारित हॅश निवडा. एकच कॉपी वेगात हवी असेल तर १० गिगाबिटसारखा जास्त वेगाचा पोर्ट घ्या.

सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावून एलएसीपी हवा असेल, तर ते स्विच स्टॅक (खास केबलने जोडून एकच स्विच म्हणून चालणारे) किंवा एमलॅगमध्ये (वेगळे राहूनही एकच ग्रुप देणारे) हवेत. स्टॅकच्या केबलची रिंग पूर्ण करा आणि दोन्ही स्विचना वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून द्या.

शेवटी, कामाची वेळ संपल्यावर पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते तपासणारी कमांड) चालू ठेवून एक केबल काढा, मग एक स्विच बंद करा. दोन्ही लिंक रोज निम्म्याहून जास्त भरत असतील, तर एक तुटल्यावर उरलेलीला तो भार झेपणार नाही. तिसरी लिंक आत्ताच जोडा.